कॅफेतल्या खुर्चीचं भाडं कोण भरतं?

पूर्वी लोक इराण्याकडे तासन् तास गप्पा मारत बसायचे, आता कॅफेत जो तो लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसतो, ही तक्रार पुण्या-मुंबईत हमखास ऐकू येते. मग त्याचं खापर मोबाइलवर फुटतं, नाहीतर नव्या पिढीवर. मला हे अर्धंच पटतं. माणसं बोलायला कुठे बसतात, किती वेळ बसतात आणि कोणाशेजारी बसतात, यात जागेच्या भाड्याचा हात फार मोठा असतो आणि त्याची चर्चा मात्र जवळजवळ होत नाही. कॅफेतली कुठलीही खुर्ची फुकट नसते. तिचे पैसे कोणीतरी, कुठून तरी भरत असतं. हा भरणारा काळाप्रमाणे बदलत गेला आणि त्याच्याबरोबर कॅफेतली माणसंही बदलली. हा धागा धरला की बराच गुंता सुटतो.

सुरुवात लंडनपासून करावी लागेल, कारण तिथे हा हिशेब अगदी उघड होता. १६५२ मध्ये कॉर्नहिलजवळच्या सेंट मायकेल्स ॲली नावाच्या बोळात पास्क्वा रोझे याने शहरातलं पहिलं कॉफी हाउस काढलं आणि पुढच्या काही दशकांत अशी पुष्कळ निघाली. एक पेनी दिली की कॉफी मिळायची, टेबलावरची वर्तमानपत्रं वाचता यायची आणि हवं तेवढं बसता यायचं. म्हणजे खुर्चीचं भाडं ती पेनी भरत होती. टेबलं लांबलचक असत. जिथे जागा मोकळी तिथे बसायचं, शेजारी कोण आहे ते बघायचं नाही. एडवर्ड लॉइडच्या कॉफी हाउसात जहाजांचे मालक, कप्तान आणि विमा उतरवणारे जमायचे. लॉइड्स ऑफ लंडन हा जगप्रसिद्ध विमा बाजार त्या बैठकीतून उभा राहिला. अशा जागी सरकारविरुद्ध कुजबुज चालते म्हणून राजा दुसरा चार्ल्स याने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफी हाउसं बंद करण्याचं फर्मान काढलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की अंमल सुरू होण्याआधीच ते मागे घ्यावं लागलं. मात्र या मोकळ्या जागेत बायकांना गिऱ्हाईक म्हणून स्थान जवळजवळ नव्हतंच.

आपल्याकडे तर परक्याच्या हातचा चहा घेणं हाच मोठा सामाजिक प्रश्न होता. १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी एका कार्यक्रमाला गेली. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. हजर असलेल्यांची नावं गोपाळराव जोशी यांनी वर्तमानपत्रात छापून आणली आणि सनातन्यांनी ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं केलं. चहाला हजर असलेल्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. जिथे एका कपावरून एवढं रामायण घडतं, तिथे कोणीही यावं आणि कोणाच्याही शेजारी बसून चहा प्यावा अशी जागा निघणं ही लहान गोष्ट नव्हती. ती जागा इराण्यांनी दिली. मालक जातीच्या उतरंडीबाहेरचा होता आणि गल्ल्यावर बसून तो जात विचारत नव्हता.

कोपऱ्यावरचं हॉटेल

इराणच्या यझ्द आणि केरमान भागातून आलेल्या या लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत एकामागून एक हॉटेलं काढली. धोबी तलावजवळचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. पुण्यात डेक्कनला कॅफे गुडलक १९३५ मध्ये आलं. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानायचे, म्हणून ती इराण्यांना सहज मिळाली, असं पूर्वापार सांगतात. कारण काहीही असो, कोपऱ्याचा फायदा मोठा होता: दोन रस्त्यांवर दारं, भरपूर उजेड आणि दोन्हीकडून येणारं गिऱ्हाईक.

जुन्या इराण्याची मांडणी नीट बघण्यासारखी असते. दाराशी गल्ला, त्यावर खारी, नानकटाई आणि बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर मोठाले आरसे. आरशांमुळे जागा मोठी दिसते आणि गल्ल्यावरून न उठता मालकाला सगळ्या टेबलांवर नजर ठेवता येते. तुम्ही आधी बसता, मग मागवता, मग खाता-पिता आणि निघताना दाराशी पैसे देता. वेटर लांबूनच गल्ल्याकडे आकडा ओरडून सांगतो. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे. चारजणांच्या टेबलावर दोनच खुर्च्या भरल्या असतील तर तिसरा माणूस बिनदिक्कत येऊन बसतो. ‘हे घ्या’ म्हणून पेपरचं एक पान शेजाऱ्याकडे सरकवलं की ओळख झाली.

इराण्यांना बसून राहणाऱ्यांचा त्रास नव्हता असं मात्र नाही. धोबी तलावच्या बस्तानीमध्ये सूचनांची लांबलचक पाटी असायची: जास्त वेळ बसू नका, केस विंचरू नका, असं बरंच काही. तिच्यावरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजी कविताच केली. तरीही लोक बसत, आणि इराणी ते चालवून घेत. का? दिलदारपणा होताच. पण त्यामागे एक कायदाही होता.

१९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा दुकानांना आणि हॉटेलांनाही लागू होता. त्यात १ सप्टेंबर १९४० ला असलेलं भाडं प्रमाण धरलं होतं. जे इराणी त्याआधीपासून जागेत होते त्यांचं भाडं तिथेच थिजलं. शहर वाढलं, चहाचे भाव वाढले, जागांच्या किमती आभाळाला भिडल्या. भाडं मात्र जवळपास तसंच राहिलं. म्हणजे एका चहावर दोन तास बसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीचा खर्च खरं तर घरमालक सोसत होता. घरमालकाच्या बाजूने हे अन्यायाचं होतं आणि त्यातूनच इमारतींची दुरुस्ती रखडून पडझड झाली, हेही तितकंच खरं. गप्पांचा तो सोन्यासारखा काळ आपण आठवतो तेव्हा त्याची किंमत मोजणारा असाही कोणी होता, हे नोंदवायला हवं. १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंना संरक्षण राहिलं. पण तोवर पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायात गेली होती आणि कोपऱ्यावरच्या जागेला सोन्याचा भाव आला होता. बस्तानी २००४ मध्ये बंद पडलं.

जागा गेली की बैठकही जाते, याचं एक मराठी उदाहरण आहे. अरुण कोलटकर वर्षानुवर्षं काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये बसायचे. गुरुवारी दुपारी त्यांचं मित्रमंडळ तिथे जमायचं. समोरच्या चौकातली माणसं, कुत्री, इडली विकणारी बाई, सगळं त्या टेबलावरून दिसायचं आणि कवितेत यायचं. वेसाइड इन बंद झालं तेव्हा बैठकीला दुसरीकडे हलावं लागलं. जवळच, जहांगीर आर्ट गॅलरीच्या आवारातलं समोवार १९६४ पासून चित्रकार-नाटकवाल्यांचा अड्डा होतं. गॅलरीशी जागेवरून लांबलेल्या वादानंतर २०१५ मध्ये तेही बंद झालं. दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक आटलं नव्हतं.

मळेवाल्यांच्या पैशांवर

इराण्याकडे मुख्यतः चहा. खास कॉफी पिण्याची जागा आली ती इंडिया कॉफी हाउसच्या रूपाने, आणि तिचा हिशेब आणखी वेगळा होता. १९३० च्या मंदीत दक्षिणेतल्या कॉफीला परदेशात उठाव राहिला नाही. तेव्हा देशातल्या लोकांनाच कॉफीची सवय लावायची असं ठरलं. कॉफीवर उपकर बसवला गेला आणि मळेवाल्यांच्या त्या पैशांतून १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं कॉफी हाउस उघडलं. थोडक्यात, ते जाहिरातीचं केंद्र होतं. नफा कमावणं हा त्याचा पहिला हेतू नव्हता, त्यामुळे स्वस्त कॉफी आणि निवांत बसणं दोन्ही परवडत होतं.

पन्नाशीच्या दशकात सरकारच्या कॉफी बोर्डाने ही हॉटेलं बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर यायची वेळ आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ मध्ये बंगळुरूत. हॉटेलं त्यांनीच चालवायला घेतली, नावात ‘इंडिया’चं ‘इंडियन’ झालं. तुऱ्याच्या पगडीतला वेटर आता संस्थेचा सभासद होता. कपामागे जास्तीत जास्त पैसे काढा, असं वरून सांगणारा मालकच उरला नव्हता. म्हणून कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर किंवा दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये एका कपावर तासन् तास राजकारण चालू शकायचं. दिल्लीतलं कॉफी हाउस आणीबाणीत, १९७६ मध्ये पाडण्यात आलं. लंडनच्या राजाला तीनशे वर्षांपूर्वी जी भीती वाटली होती ती इथेही दिसते.

मुंबईकर मराठी माणसाला फिल्टर कॉफीची गोडी लावली ती माटुंग्याच्या उडुप्यांनी. तिथलं गणित मात्र उलटं आहे. माल स्वस्त आणि उत्तम, पण खाल्लं की उठायचं. बाहेर रांग असते, टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यायचं असतं. पुण्यात वैशाली हॉटेलात रविवारी सकाळी डोशाचा शेवटचा घास संपायच्या आत मागे कोणीतरी उभं असतं. ज्याची कमाई टेबल भरभर रिकामं होण्यावर आहे त्याच्याकडे भांडण होत नाही, कारण अपेक्षा दोघांनाही माहीत असते.

काचेमागची खोली

११ जुलै १९९६ ला बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर व्ही. जी. सिद्धार्थ यांनी पहिलं कॅफे कॉफी डे (सीसीडी) उघडलं. त्यात कॉफीबरोबर इंटरनेट होतं, जे तेव्हा घरोघरी नव्हतं. २००० मध्ये बरिस्ता आलं. या साखळ्यांनी पुण्या-मुंबईच्याच नव्हे, तर नाशिक, औरंगाबाद, कोल्हापूरच्याही तरुणांना एक नवी गोष्ट दिली: आईवडिलांच्या घराबाहेरची, थंडगार, स्वच्छ, सोफा असलेली बैठकीची खोली.

मुलींसाठी हा बदल किती मोठा होता ते त्या वयातून गेलेल्या कोणालाही विचारा. इराण्याकडे बायका जात, पण बहुधा ‘फॅमिली रूम’मध्ये, नाहीतर कोणा पुरुषाबरोबर. टपरीवर एकटी मुलगी उभी राहिली की दहा डोळे वळत. काचेच्या भिंती असलेल्या कॅफेत सगळं उघड्यावर असल्यामुळेच सुरक्षित वाटायचं, स्वच्छतागृह असायचं, आणि वेटर टक लावून बघत नसे. घरी ‘सीसीडीत जातेय’ म्हणून सांगता येऊ लागलं. पुढे लग्नाचा पहिला भेटीचा कार्यक्रमही कांदेपोह्यांच्या ट्रेमधून उठून कॅफेच्या टेबलावर गेला, आणि त्यामुळे मुलीला नकार देणं थोडं सोपं झालं. इराण्यांच्या आठवणी काढताना आपण हे विसरतो, म्हणून मुद्दाम सांगतो आहे. जुना अड्डा सगळ्यांचा होता असं म्हणणारे बहुतेक पुरुष असतात.

पण मॉलमधल्या, हमरस्त्यावरच्या त्या जागांचं भाडं आता बाजारभावाने होतं. दोघांत एक कॉफी घेऊन तीन तास बसणाऱ्या कॉलेजकुमारांच्या जिवावर ते निघणं कठीण होतं. साखळी वाढली ती मोठ्या प्रमाणावर भांडवल आणि कर्ज उभं करून. मार्च २०१९ मध्ये कॉफी डे समूहावर सुमारे सात हजार कोटींचं कर्ज होतं. ते सगळं कॅफेंमुळे नव्हतं, समूहाचे इतरही उद्योग होते. पण त्याच वर्षी जुलैत सिद्धार्थ यांचा दुर्दैवी मृत्यू झाला आणि कर्ज फेडण्याच्या ओघात दीड हजारांहून जास्त असलेली कॅफेंची संख्या पुढच्या काही वर्षांत पाचशेच्या खाली आली. आपल्या तरुणपणीच्या त्या खुर्च्यांचं भाडं बऱ्याच अंशी सावकार आणि गुंतवणूकदार भरत होते.

मग ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला टाटांच्या भागीदारीत स्टारबक्स आलं, आणि त्यानंतर ब्लू टोकाईसारखे स्वतः बिया भाजणारे, कॉफी कुठल्या मळ्यातली ते कपाबरोबर सांगणारे. इथे क्रम उलटला. आधी काउंटरवर पैसे, मग खुर्ची. निघताना गल्ल्यावर मालक भेटत नाही, कारण हिशेब आत येतानाच संपलेला असतो. तुम्ही जे विकत घेतलं त्यात कॉफी किती आणि जागा किती, हे आकड्यांनी पाहू.

समजा, पुण्यात एका कॅफेत ३० खुर्च्या आहेत. भाडं दीड लाख. पगार, वीज, इंटरनेट, डागडुजी असे आणखी अडीच लाख. महिन्याला एकूण ४ लाख. दिवसाला १२ तास, महिन्याचे ३० दिवस धरले तर ३० खुर्च्यांचे १०,८०० तास होतात. सगळ्या खुर्च्या कायम भरलेल्या असतील तर एक खुर्ची तासाला ३७ रुपये खाते. पण मंगळवारी सकाळी अकराला कॅफे भरलेलं नसतं. सरासरी निम्म्या खुर्च्या भरतात असं धरा. खर्च तासाला ७४ रुपये. आता २२० रुपयांच्या कॅपुचिनोतून दूध, कॉफी, साखर, कप असे साठेक रुपये वजा करा. उरले १६०. त्यात साधारण दोन तासांचं बसणं निघतं. तिसऱ्या तासाला मालक तुम्हाला स्वतःच्या खिशातून बसवत असतो. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येक जागेचे वेगळे असतील. पण गणिताची जात हीच.

हे एकदा दिसलं की कॅफेतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. एकट्या माणसासाठी खिडकीला लागून अरुंद फळी का असते? चारजणांच्या टेबलावर एकटा लॅपटॉपवाला बसला तर तीन खुर्च्यांचं भाडं बुडतं, म्हणून. प्लगचे सॉकेट काही कोपऱ्यांतच का? शनिवार-रविवारी लॅपटॉप नको अशी पाटी का? गर्दीच्या वेळी वायफायचा पासवर्ड बिलावर आणि तोही ठरावीक वेळेपुरता का? दक्षिण कोरियात अभ्यासासाठी कॅफेत ठाण मांडणाऱ्यांसाठी खास शब्दच रूढ झाला आहे. तिथल्या स्टारबक्सला २०२५ मध्ये, कृपया डेस्कटॉप संगणक आणि प्रिंटर आणू नका, असं सांगावं लागलं. अमेरिकेतल्या स्टारबक्सने २०१८ मध्ये, काहीही विकत न घेता कोणीही बसावं, असं धोरण जाहीर केलं होतं. फिलाडेल्फियात मित्राची वाट बघत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना अटक झाल्यानंतर उसळलेल्या संतापामुळे. जानेवारी २०२५ मध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं. मॉस्कोत सुरू झालेल्या झिफरब्लाट नावाच्या कॅफेंनी आडपडदाच ठेवला नाही: कॉफी-बिस्किटं फुकट, पैसे बसल्याच्या मिनिटांचे. लंडनची पेनी साडेतीनशे वर्षांनी परत आली, फक्त घड्याळ लावून.

आपल्याकडेही अशी उघड विक्री आहे. पुण्यात सदाशिव, नारायण पेठेतल्या अभ्यासिका बघा. एमपीएससी करणारी मुलं महिन्याच्या फीवर एक खुर्ची, एक टेबल आणि एक प्लग घेतात. ज्या मुलाला रोज दोनशे रुपयांची कॉफी परवडत नाही, त्याचं कॅफे हेच.

लॅपटॉपवाल्यांवर मला राग धरता येत नाही. वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहत असतील, घरी टीव्ही चालू असेल आणि ऑफिसने घरूनच काम करा म्हटलं असेल, तर दोन तासांची शांतता २२० रुपयांत स्वस्तच म्हणायची. त्यांनी गप्पा मारणं सोडलं असं नाही. ते त्या जागेत गप्पांसाठी आलेलेच नसतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी घर आणि कामाची जागा सोडून असलेल्या तिसऱ्या जागेचं महत्त्व १९८९ मध्ये मांडलं. तिथे गप्पा हेच मुख्य काम असतं, तिथे हुद्दा बाजूला राहतो, नेहमीचे लोक भेटतात, खर्च कमी असतो. आजच्या कॅफेने पहिली आणि दुसरी जागाच भाड्याने द्यायला घेतली आहे: कोणाला घरातली खोली, कोणाला ऑफिसचं टेबल.

खरं नुकसान दुसरीकडे झालं आहे आणि ते मला टोचतं. इराण्याच्या टेबलावर वकील आणि हमाल शेजारी बसू शकत, कारण दोघांनाही तोच चहा परवडायचा. खुर्चीचं पूर्ण भाडं जेव्हा बसणाराच भरतो, तेव्हा दारावर पाटी न लावताही निवड होते. २२० रुपयांच्या मेन्यूसमोर डिलिव्हरीचा मुलगा आत येतो, पार्सल घेतो आणि बाहेर दुचाकीवर टेकून पुढच्या ऑर्डरची वाट बघतो. निवृत्त माणसाला पेन्शनमधून रोज तिथे जाणं जमत नाही, आणि त्याच्याशी बोलायला तिथे कोणी मोकळंही नसतं.

त्यांच्या गप्पा थांबलेल्या नाहीत. त्या टपरीसमोर उभ्याने चालतात, सोसायटीच्या फाटकाशी चालतात आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यांवर चालतात. मुंबईत गिरगाव चौपाटीला नाना-नानी पार्क झालं, तशा जागा मग गावोगाव निघाल्या. तिथल्या बाकाचं भाडं सार्वजनिक तिजोरी किंवा देणगीदार भरतात. अशा बाकांवर छप्पर, पंखा, स्वच्छतागृह आणि शेजारी वाजवी भाड्याने दिलेला चहाचा गाळा असावा, त्याची वेळ रात्री नऊपर्यंत असावी आणि तिथे बाईमाणसाला एकटीने बसता यावं, एवढी मागणी आपल्या प्रभागात करायला हरकत नाही. नगरसेवकाच्या निधीतून कमानी उभ्या राहतात, तर हेही बसू शकेल.